होडींतील विजेची मोटर : दोष कसा शोधावा



शाळेच्या वार्षिकासाठीं कांहीं लिहून पाठवावें, असें संपादकांचें पत्र आलें, तेव्हां आम्हांस आनंद झाला आणि थोडी भीतिही वाटली. ज्या वर्गांत बसून आम्हीं ओहमचा नियम पाठ केला, त्याच वर्गांतील आजच्या मुलांस आम्ही नवें तें काय सांगणार ? परंतु तोच नियम परदेशीं एका सरोवराच्या मध्यावर, अंधार पडतांना, आम्हांस पुन्हा शिकावा लागला. त्याची हकीकत तुम्हांस व तुमच्या पालकांस उपयोगी पडेल, अशा समजुतीनें येथें देतों.

आम्ही अमेरिकेंतील मिनेसोटा राज्यांत राहतों. त्या एका राज्यांत दहा एकर किंवा त्याहून मोठीं अशीं अकरा हजारांवर सरोवरें आहेत. आपल्याकडे सुटी लागली कीं मंडळी गांवीं जातात, तशी तेथील मंडळी सरोवराकडे धांवतात आणि होड्या घेऊन मासे धरीत बसतात. या होड्यांस बहुधा एक लहानसें यंत्र जोडलेलें असतें. त्यास ट्रोलिंग मोटर म्हणतात. गळास आमिष लावून तो होडीच्या मागें मंद गतीनें ओढीत नेणें, यास इंग्रजींत ट्रोलिंग असें नांव आहे. पेट्रोलचें इंजिन इतक्या मंद गतीनें चालविणें कठिण, आणि त्याच्या आवाजानें मासे बुजतात. म्हणून होडीच्या कडेस एक उभी नळी अडकवितात. नळीच्या खालच्या टोंकास, पाण्याच्या आंत, एक बंदिस्त विजेची मोटर असून तिच्या दांड्यावर पंखा बसविलेला असतो. नळींतून तारा वर येतात. वर गति कमीजास्त करण्याची मूठ असते. आणि तेथून दोन जाड तारा होडींत ठेवलेल्या बॅटरीकडे जातात. यंत्र एवढेंच.

विजेवर होडी चालविण्याची कल्पना बरीच जुनी आहे. १८३८ सालीं याकोबी या शास्त्रज्ञानें सेंट पीटर्सबर्ग येथें नेवा नदींत अशी होडी चालवून दाखविली आणि १८८१ सालीं त्रूव्हे यानें पॅरिस येथें सेन नदींत तसाच प्रयोग केला. मासे धरणाऱ्यांच्या उपयोगी पडणारें यंत्र मात्र १९३४ सालीं मिनेसोटाच्या सीमेवरील फार्गो या शहरीं ओ. जी. श्मिट या गृहस्थानें तयार केलें. फोर्ड मोटारगाडी सुरू करण्यासाठीं जी लहान विजेची मोटर असते, ती घेऊन त्यानें तिला लवचिक दांडा व पंखा जोडला. मिनेसोटा व डकोटा या दोन प्रदेशांच्या नांवांवरून त्याच्या मालास मिन कोटा हें नांव पडलें.

आतां आमची हकीकत. सप्टेंबर महिन्यांतील एका सायंकाळीं आम्ही, आमचे एक स्नेही आणि आमचा नऊ वर्षांचा पुतण्या, असे तिघे लहानशा अल्युमिनियमच्या होडींतून निघालों. निघण्यापूर्वीं आम्हीं मीटर लावून बॅटरी तपासली. कांटा नीट १२.७ व्होल्टांवर होता. म्हणजे बॅटरी पूर्ण भरलेली. त्या समाधानांत आम्ही वल्हीं कांठावरच विसरलों. अर्धा तास सर्व ठीक चाललें. मग मोटर मंदावली, थांबली, थोडी चालली व पुन्हा थांबली. इतक्यांत वारा सुटला आणि होडी पलीकडच्या लव्हाळ्यांच्या दिशेनें वाहूं लागली. सामान आवरण्यासाठीं पुतण्या बाकाखालीं वांकला होता. तो म्हणाला, "काका, बॅटरीवरची ही चाकी केवढी तापली आहे !" आम्हीं त्यास, "तूं गप्प बैस, कशास हात लावूं नकोस," असें दटावलें. स्नेह्यांनीं तर निकालच दिला होता : "मोटर गेली. नवी घ्यावी लागणार." सुदैवानें एका वृद्ध गृहस्थांची होडी जवळून जात होती. त्यांनीं दोरी टाकून आम्हांस ओढीत कांठास आणलें. तेव्हां पूर्ण काळोख झाला होता व मुलगा थंडीनें कुडकुडत होता. त्याच्या अंगांत लाइफ जॅकेट होतें, एवढीच काय ती आमच्या शहाणपणाची खूण.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं नवी मोटर घेण्यास निघण्यापूर्वीं आम्हांस त्या तापलेल्या चाकीची आठवण झाली. होडी धक्क्यास घट्ट बांधली, पंखा पाण्यांत सोडला आणि मोटर चालू ठेवून मग मीटर लावला. बॅटरीच्या शिशाच्या खुंटीवर १२.२ व्होल्ट होते. त्याच खुंटीवर बसविलेल्या तारेच्या कडीवर ८.४ व्होल्ट होते. खुंटी आणि कडी एकमेकींस चिकटून; दोघींमध्यें कागदाएवढें अंतर नाहीं; तरी तेवढ्यांत ३.८ व्होल्ट नाहींसे झाले होते ! चाकी सोडून पाहिली, तों आंत पांढरट हिरव्या किटाचा थर. मोटर निर्दोष होती. बॅटरीही निर्दोष होती. दोष होता तो दोघींच्या सांध्यांत. आणि आदल्या सायंकाळीं नऊ वर्षांच्या मुलानें त्यावर बोट ठेवलें होतें.

मग निघण्यापूर्वीं मीटरनें आम्हांस फसविलें कसें ? तें असें. घराच्या गच्चीवर पाण्याची टाकी आहे व तिची नळी खालीं येते, अशी कल्पना करा. नळींत मध्येंच कचरा अडकला आहे. खालची तोटी बंद ठेवून पाण्याचा दाब मोजला, तर तो पूर्ण भरेल. कारण पाणी वाहतच नाहीं, आणि जें वाहत नाहीं त्यास कचरा काय अडविणार? तोटी सोडतांच मात्र धार बारीक होते. विजेचें तसेंच आहे. जॉर्ज सायमन ओहम हे कोलोन येथील विद्यालयांत गणित व पदार्थविज्ञान शिकवीत असत. १८२७ सालीं त्यांनीं ग्रंथरूपानें मांडलेल्या नियमाचा आशय हा, कीं कोणत्याही अडथळ्यांत खर्च होणारा दाब म्हणजे प्रवाह गुणिले रोध. मोटर बंद असतां मीटर स्वतःपुरता जो प्रवाह घेतो, तो अत्यल्प असतो. त्यास अशा सांध्याच्या लहानशा रोधानें गुणिलें तर गुणाकार शून्यवतच. परंतु मोटर चालू असतां आमच्या तारांतून सुमारें तीस अँपिअर वाहत होते. ३.८ भागिले ३० म्हणजे सुमारें ०.१३ ओहम, एवढासा रोध त्या किटांत होता. पण तेवढ्यानें जवळजवळ चार व्होल्ट गिळले, आणि ३.८ गुणिले ३०, म्हणजे शंभरांहून अधिक वॅट उष्णता त्या चाकींत उत्पन्न केली. चाकी तापेल नाहीं तर काय !

तेव्हां या लेखांत आम्हांस एकच गोष्ट सांगावयाची आहे : विश्रांतींत घेतलेली परीक्षा अपुरी असते, यंत्र काम करीत असतां तें तपासावें, आणि बॅटरीपासून आरंभ करून एकेक सांधा क्रमानें पारखल्याशिवाय मोटरीस दोष देऊं नये. हा क्रम पुढें देतों.

प्रथम सावधगिरी. हातांतील अंगठी, कडें व घड्याळ काढून ठेवावें. बॅटरी बारा व्होल्टांची असल्यानें अंगास धक्का बसत नाहीं खरा. परंतु लोखंडी पाना दोन्ही खुंट्यांस एकदम टेकला, तर शेंकडों अँपिअर वाहून पाना लाल होतो. चार्ज करतांना शिशाच्या बॅटरींतून हायड्रोजन वायु निघतो व तो ठिणगीनें पेट घेतो. म्हणून जागा मोकळी व हवेशीर असावी. आंतील आम्ल डोळ्यांस घातक आहे. फिरत्या पंख्याजवळ हात नेऊं नये. आणि मुलांनीं ही कामें वडील माणूस सोबत असतांनाच करावीं.

पहिली परीक्षा बॅटरीची, विश्रांतींत. चार्ज करून कांहीं तास लोटल्यावर शिशाची बारा व्होल्टी बॅटरी १२.६ ते १२.७ व्होल्ट दाखविते. १२.२ च्या आसपास ती निम्मी रिकामी समजावी, आणि १२ व्होल्टांवर पाव भागच उरली असें समजावें. ही परीक्षा निरुपयोगी नाहीं. ती अपुरी आहे. हल्लीं लिथियमच्या बॅटऱ्याही पुष्कळ वापरतात. त्यांचा दाब जवळजवळ शेवटपर्यंत सारखा राहतो व मग बॅटरी एकाएकीं बंद होते. त्यामुळें केवळ व्होल्ट पाहून त्यांत किती वीज उरली, हें सांगतां येत नाहीं.

दुसरी परीक्षा बॅटरीचीच, पण कामांत. होडी बांधून मोटर पूर्ण गतीनें मिनिटभर चालवावी व मीटरचीं टोंकें थेट शिशाच्या खुंट्यांवर टेकवावीं. तारेच्या कड्यांवर नव्हे. दाब साडेदहा व्होल्टांच्या खालीं घसरला, तर बॅटरी रिकामी तरी आहे किंवा म्हातारी तरी झाली आहे. मोटारगाडीची बॅटरी या कामास लावूं नये. तिच्यांतील पत्रे पातळ व पुष्कळ असतात. ते क्षणभर मोठा प्रवाह देण्यासाठीं योजलेले असतात. तासन्‌तास वीज देऊन रिकामें होणें त्यांस सोसत नाहीं. होडीसाठीं जाड पत्र्यांची बॅटरी मिळते, तीच घ्यावी. चोवीस व्होल्टांच्या मोटरीस दोन बॅटऱ्या एकीपुढें एक जोडलेल्या असतात. तेथें प्रत्येक बॅटरी वेगळी तपासावी; नाहीं तर एका बॅटरीचें दुबळेपण दुसरीच्या बळामागें लपून राहतें.

तिसरी परीक्षा सांध्यांची, आणि हीच मुख्य. मोटर चालू असतां मीटरचें एक टोंक सांध्याच्या अलीकडे व दुसरें पलीकडे टेकवावें. सांधा चांगला असेल, तर मीटर जवळजवळ शून्य दाखवील. अर्धा व्होल्ट किंवा अधिक दिसला, तर चोर सांपडला ! बॅटरीची खुंटी, सर्किट ब्रेकरचीं दोन्ही टोंकें, होडीच्या कडेस असलेला प्लग, तारांचे डाख, असे सर्व सांधे एकामागून एक तपासावे. धन बाजू तपासून थांबूं नये. ऋण बाजूच्या तारेंतूनही तितकाच प्रवाह परत येत असतो. तिच्याकडे बहुतेकांचें दुर्लक्ष होतें.

सांधे चांगले असूनही तारेंत दाब खर्च होत असेल, तर तार बारीक आहे. एक उदाहरण करून पाहूं. बॅटरी होडीच्या एका टोंकास व मोटर दुसऱ्या टोंकास, अंतर पांच मीटर. म्हणजे जाऊन येऊन दहा मीटर तार. मोठी मोटर पूर्ण गतीस पन्नास अँपिअर घेते असें धरूं. तांब्याची तार दोन चौरस मिलिमीटर जाडीची असेल, तर तिचा रोध सुमारें ०.०९ ओहम होईल व तिच्यांत चार व्होल्टांहून अधिक खर्च होतील. तेरा चौरस मिलिमीटरांची तार घेतली, तर हा खर्च पाऊण व्होल्टाहूनही कमी होतो. म्हणून घरांतील दिव्याची तार होडीच्या मोटरीस जोडणें हें काटकसरीचें नव्हे, अविचाराचें लक्षण होय.

चौथी परीक्षा सर्किट ब्रेकरची. ब्रेकर वारंवार उडूं लागला, कीं लोक त्याच्या जागीं अधिक अँपिअरचा ब्रेकर बसवितात. ही मोठी चूक आहे. ब्रेकर उडतो, तो बहुधा पंख्यांत पाणवनस्पति किंवा गळाची दोरी गुंतून मोटर अडखळल्यामुळें. कारण अडकलेली मोटर पुष्कळ अधिक प्रवाह ओढते. राखणदार भुंकला म्हणून त्यास घालवूं नये. दारांत कोण आलें तें पाहावें.

इतकें झाल्यावर, मोटरीच्या तारांवर चालू स्थितींत पूर्ण दाब पोंचत आहे आणि तरीही ती नीट चालत नाहीं, असें ठरलें तरच मोटरीकडे वळावें. तेथें लक्षणांवरून बरेंच ओळखतां येतें. जुन्या धर्तीच्या, पांच ठराविक गतींच्या मोटरींत मंद गतीसाठीं रोधक तारेचीं वेटोळीं असतात. सर्वांत मोठ्या गतीस मात्र वीज वेटोळीं टाळून सरळ जाते. म्हणून अशी मोटर केवळ पूर्ण गतीसच चालत असेल, तर वेटोळें जळालें असें समजावें. नव्या मोटरींत वेटोळ्यांऐवजीं वीज अतिशय जलद चालूबंद करणारें इलेक्ट्रॉनिक मंडल असतें. धन व ऋण तारा उलट जोडल्यास साधी मोटर उलटी फिरते, पण हें मंडल जळूं शकतें. म्हणून तारांचे रंग पाहूनच जोडणी करावी. मंडलाची दुरुस्ती कुशल कारागिराकडेच सोंपवावी.

मोटर गुणगुणते पण होडी हलत नाहीं, असें झाल्यास दोष विजेचा नाहीं. पंखा दांड्यास अडकविणारी लहानशी खिळी मोडलेली असते. वीज तोडून पंखा हातानें किंचित फिरविल्यावर, पुन्हा वीज देतांच मोटर चालू झाली, तर आंतील कार्बनचे ब्रश झिजले आहेत किंवा अडकले आहेत, असा संशय घ्यावा. गळाची नायलॉनची दोरी पंख्यामागें दांड्याभोंवतीं गुंडाळली गेली, तर ती रबरी सील कापते. मग पाणी आंत शिरतें आणि गंज व ब्रशांचा नाश हीं ओघानेंच येतात. म्हणून अधूनमधून, बॅटरी सोडवून, पंखा काढावा व दोरी अडकली आहे काय तें पाहावें. पाणी शिरल्याचा संशय आल्यास मोटरीच्या तारा बॅटरीपासून सोडवाव्या, मीटर ओहमवर लावावा आणि तार व मोटरीचें धातूचें कवच यांमध्यें वाट आहे काय तें पाहावें. तेथें वाट मुळींच नसावी.

आमच्या होडीचा उपाय फारच सोपा निघाला. तारा सोडवून, बॅटरीचीं तोंडें बंद आहेत याची खात्री करून, खाण्याचा सोडा पाण्यांत कालवून त्यानें खुंटी व कडी धुतली. आंत सोडा गेला असता, तर त्यानें आम्लच निकामी केलें असतें. मग पॉलिश कागदानें धातु उजळ होईपर्यंत घांसली. पूर्वीं तेथें बोटांनीं फिरवावयाचा विंग नट होता. बोटांच्या जोरानें तो जितका आवळतो, तितकाच होडीच्या हादऱ्यानें सैल होतो. त्याच्या जागीं षट्‌कोनी नट घालून तो पान्यानें आवळला व वरून ग्रीसचा हात दिला. पुन्हा मोटर चालवून सांध्यावर मीटर धरला, तों कांटा शून्यापासून हलल्यासारखा दिसेना. खर्च एका नटाचा, वेळ अर्ध्या तासाचा. कित्येक शें डॉलरांची नवी मोटर आणली असती, तर ती त्याच किटलेल्या खुंटीस जोडून पुन्हा त्याच सरोवरांत, कदाचित् त्याच मुलासह, आम्ही अडकलों असतों. हा विचार मनांत येतो तेव्हां अजूनही छातींत धस्स होतें.

तुमच्यापैकीं पुष्कळांनीं अशी होडी पाहिली नसेल. पण तुमच्या घरीं ट्रॅक्टर असेल, रिक्षा असेल, वीज गेल्यावर दिवे लावणारा इन्व्हर्टर असेल. त्यांच्याही बॅटरीस अशाच खुंट्या असतात व त्यांवर असेंच कीट चढतें. गाडी सुरू होत नाहीं, बॅटरी नवी आणली तरी होत नाहीं, असें झालें कीं प्रथम त्या सांध्याकडे पाहा.

पालकांस आमची एक विनंति आहे. मूल एखादी गोष्ट पाहून सांगतें, तेव्हां तें लहान आहे म्हणून तिकडे दुर्लक्ष करूं नका. ती चाकी तापली आहे, हें त्या होडींत एकट्यालाच कळलें होतें, आणि दोन मोठीं माणसें त्यास गप्प करीत होतीं. दुसऱ्या दिवशीं आम्हीं पुतण्याजवळ आपली चूक कबूल केली. आतां निघण्यापूर्वीं खुंटीवर मीटर तोच धरतो, मोटर चालू ठेवून. आणि वल्हीं होडींत आहेत कीं नाहींत, हें आम्ही स्वतः दोनदां पाहतों.